क्रेन असून हत्ती फुटला, क्रेन नसताना पुतळे चालले: अवजड दगड हलवण्यामागचं गणित

तुमच्या फीडवर असं रील कधी ना कधी आलंच असेल. मागे गूढ संगीत, समोर एखादं लेणं किंवा समुद्राकडे पाठ करून उभे असलेले दगडी पुतळे, आणि वर मोठ्या अक्षरांत प्रश्न : "त्या काळात क्रेन नव्हती, मग हे केलं कोणी?" उत्तर ठरलेलं असतं. एलियन. आपल्याकडे हाच प्रश्न पूर्वीही विचारला जायचा, फक्त उत्तर वेगळं असायचं : पांडवांनी एका रात्रीत कोरलं. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. ज्या माणसांनी छिन्नी चालवली, दोर ओढले आणि डोकं लावलं, त्यांच्या कामाचं श्रेय दुसऱ्यालाच जातं.

मी मूळचा अलिबाग तालुक्यातला, शिक्षणाने इंजिनिअर आणि कामाने सॉफ्टवेअरवाला. या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात एक उदाहरण आहे. तिथे क्रेन होती, तरीही पुतळा फुटला. ते समजून घेतलं की क्रेन नसलेल्या लोकांनी काय केलं असेल, तेही समजायला लागतं.

घारापुरीचा हत्ती

घारापुरी बेट उरण तालुक्यात येतं. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने साधारण तासाभराचं अंतर. पोर्तुगीज इथे आले तेव्हा बेटावर काळ्या दगडाचा एक भलामोठा हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे जगभर जे नाव चालतं ते लेण्यांवरून नाही, या हत्तीवरून पडलेलं आहे.

जुन्या मोजमापांनुसार हत्ती १३ फुटांपेक्षा थोडा जास्त लांब आणि ७ फुटांपेक्षा थोडा जास्त उंच होता. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. पुढे धडही खचत गेलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेनचा हात मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात आणले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडेल आणि ह्युएट यांनी ते पुन्हा जोडले. तो जोडलेला हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं, तो हत्ती आता बेटावर नाही. आणि जिथे आहे, तिथे तो अखंड नाही.

त्याचं वजन किती असेल?

अंदाज काढायला सोपा आहे. हत्ती एका चौकोनी खोक्यात बसवला असं समजू. लांबी ४ मीटर, उंची २.२ मीटर, रुंदी साधारण २ मीटर. खोक्याचं घनफळ साडेसतरा घनमीटर. पायांमधली मोकळी जागा आणि अंगाची गोलाई वजा केली तर त्यातला निम्मा भाग दगड धरू, म्हणजे जवळपास ९ घनमीटर. एक घनमीटर बेसाल्टचं वजन २.८ ते ३ टन भरतं. गुणाकार करा : सुमारे २५ टन. हा माझा ढोबळ अंदाज आहे, पण पुढचं समजायला पुरेसा आहे.

पद्धत पहिली : ओढत नेणे

जमिनीवरून वस्तू ओढताना आपण तिच्या वजनाशी नाही, घर्षणाशी भांडत असतो. दगड कोरड्या खडबडीत जमिनीवरून ओढायचा तर त्याच्या वजनाच्या साधारण ६० टक्के जोर लागतो. २५ टनांच्या हत्तीसाठी तो १५ टन होईल. एक माणूस दोर धरून सतत २५ ते ३० किलोचा जोर लावू शकतो. म्हणजे ५०० ते ६०० माणसं!

आता तोच दगड लाकडाच्या घसरपट्टीवर ठेवा आणि खाली वंगण घाला. घर्षण २० टक्क्यांवर येतं, जोर ५ टनांवर आणि माणसं दोनशेच्या आत. दगड तोच, माणसं एक तृतीयांश. पावसाळ्याआधी आमच्याकडच्या बंदरांवर होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात तेव्हा खाली लाकडं टाकतात, त्यामागे हेच गणित आहे. सगळे एका आवाजात "हैया हो" म्हणतात, तेही उगाच नाही. वीस जणांनी वेगवेगळ्या वेळी ओढलं तर होडी जागची हलत नाही. एकाच क्षणी ओढलं की हलते. आणि एकदा हलली की पुढे कमी जोर पुरतो, कारण थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असतं.

या गणिताने जुन्या गोष्टीही तपासून बघता येतात. 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. वजन सुमारे ५५ टन. ती न्यायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले, अशी कथा सांगतात. अतिशयोक्ती वाटते ना? बघू या. एक बैल सतत ४५ किलोच्या आसपास जोर लावतो असं धरलं तर ४०० बैलांचे १८ टन. एका हत्तीचे साडेतीनशे किलो धरले तर दहा हत्तींचे साडेतीन टन. एकूण साडेएकवीस. आणि ५५ टनांची तोफ लाकडी घसरपट्टीवर घालून वंगणाशिवाय मातीवरून ओढायला, घर्षण ४० टक्के धरून, लागतात २२ टन. एवढ्याने कथा सिद्ध होत नाही. पण सांगणाऱ्याने आकडा हवेतून काढलेला नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

पद्धत दुसरी : चालवत नेणे

आता पॅसिफिक महासागरात जाऊ. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. रील्समध्ये सगळ्यात जास्त दिसणारे पुतळे इथलेच. त्यांना 'मोआई' म्हणतात. पॉलिनेशियन लोकांनी कोरलेले असे नऊशेहून जास्त मोआई आहेत. बहुतेक रानो राराकू नावाच्या एकाच खाणीत कोरले गेले आणि तिथून बेटभर नेले गेले, काही तर १८ किलोमीटरपर्यंत. जागेवर नेऊन उभे केलेल्यांपैकी सर्वात मोठा 'पारो' जवळपास १० मीटर उंच आणि ८० टनांच्या आसपास आहे. चाकं नाहीत, बैल नाहीत, हत्ती नाहीत.

बेटावरचे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले : "पुतळे चालत गेले." बाहेरून आलेल्यांनी ती दंतकथा समजून सोडून दिली. मग पावेल पावेल नावाच्या चेक इंजिनिअरने ती गंभीरपणे घेतली. आधी त्याने आपल्या गावी काँक्रीटचा पुतळा करून तो हलवून पाहिला. नंतर १९८६ मध्ये थॉर हेयरडालच्या मोहिमेत रापा नुईवरचा खरा मोआई दोरांनी डोलवत, वळवत पुढे नेला. पुतळा हलला, पण बूड झिजायला लागल्यामुळे प्रयोग थांबवावा लागला.

पुढे टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांनी हवाईमध्ये ४.३५ टनांची प्रतिकृती वापरून प्रयोग केला. तीन दोर होते. एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि तिसरा मागून, पुतळा तोंडावर पडू नये म्हणून. १८ माणसांनी पुतळा ४० मिनिटांत १०० मीटर नेला. तोच पुतळा कोरड्या जमिनीवरून आडवा ओढायचा तर आपल्याच हिशोबाने नव्वदच्या वर माणसं लागली असती.

हे कसं जमतं? तुम्ही स्वतः हे केलेलं आहे. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो. तो आपण उचलत नाही. थोडा तिरका करतो आणि कडेवर फिरवत नेतो. गोदरेजचं कपाट सरकवताना एक कोपरा पुढे, मग दुसरा कोपरा पुढे, असं "चालवत" नेतो. वजन उचललं जातच नाही. ते सगळा वेळ जमिनीवरच असतं, आपण फक्त एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देतो.

मोआई कलवायला किती जोर लागेल, याचंही सोपं सूत्र आहे : बुडाची निम्मी रुंदी भागिले दोराची उंची, गुणिले वजन. समजा बूड दीड मीटर रुंद आहे आणि दोर ३ मीटर उंचीवर बांधला आहे. पाऊण भागिले तीन, म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा. तोही सतत नाही, कलवायच्या क्षणापुरता. आणि एकदा डोलायला लागला की झोक्यासारखं होतं. झोका परत फिरण्याच्या क्षणी हलकासा धक्का दिला तरी तो मोठा जातो. डावीकडच्यांनी आणि उजवीकडच्यांनी आळीपाळीने, ताल धरून ओढलं की पुतळा प्रत्येक डोलण्यात थोडा वळतो आणि थोडा पुढे सरकतो.

हा फक्त प्रयोग नाही, पुतळ्यांवरही खुणा आहेत. २०२५ मध्ये लिपो आणि हंट यांनी ९६२ मोआईंची माहिती तपासली. वाटेतच सोडून दिलेल्या ६२ मोआईंकडे त्यांनी खास लक्ष दिलं. त्यांच्या मांडणीचे मुद्दे असे :

- वाटेवरचे पुतळे पुढे झुकलेले आहेत आणि त्यांचं बूड रुंद आहे. म्हणजे डोलवल्यावर ते आपोआप पुढे पाऊल टाकतात. चौथऱ्यावर पोचल्यावर बूड तासून पुतळा सरळ केला जाई.
- डोळ्यांच्या खोबण्या मुक्कामी पोचल्यावरच कोरल्या जात.
- जुने रस्ते साधारण साडेचार मीटर रुंद आणि मध्ये खोलगट आहेत. अशा रस्त्यावर डोलणारा पुतळा आपोआप मध्याकडे येतो.

सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. जो अॅन व्हॅन टिलबर्ग यांनी १९९८ मध्ये पुतळा लाकडी चौकटीवर आडवा ठेवून ओढण्याचा प्रयोग केला, आणि तोही यशस्वी झाला. चार्ल्स लव्ह यांनी ९ टनांची प्रतिकृती उभ्यानेच लाकडी ओंडक्यांवरून ढकलून दाखवली. वाद आहे तो यातली कोणती पद्धत वापरली यावर. माणसांना हे शक्य होतं का, यावर नाही.

मग हत्ती चालवता आला असता का?

नाही. सूत्रात आकडे घालून बघा. हत्तीची रुंदी २ मीटर, उंची २.२ मीटर. एक भागिले २.२ म्हणजे वजनाचा ४५ टक्के जोर नुसता कलवायलाच हवा. शिवाय कलवताना सगळा भार दोनच पायांवर येणार, आणि दगडाला ते सोसणार नाही. मोआई उंच, निमुळता, एकसंध बुडाचा आहे, कारण त्याला प्रवास करायचा होता. हत्ती बसका आणि चार पायांवर उभा होता, कारण त्याला कुठेच जायचं नव्हतं. मूर्तीचा आकारच सांगतो की ती हलवायला केली आहे की राहायला.

पद्धत तिसरी : उचलणे, आणि त्यातले धोके

उचलणं सगळ्यात सोपं वाटतं, पण दगडासाठी सगळ्यात धोक्याचं तेच. कारणं चार.

१. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही. बेसाल्ट दाबाला जितका टिकतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच ताणाला टिकतो. जमिनीवर उभ्या मूर्तीवर मुख्यतः दाब असतो. तिला दोन ठिकाणी दोर बांधून लटकवलं की मधला भाग वाकायला बघतो आणि खालच्या बाजूला ताण येतो. आधीची चीर असेल तर ती तिथेच उघडते. घारापुरीच्या हत्तीची मान पन्नास वर्षं आधीच गेलेली होती, हे लक्षात घ्या.

आपल्या पेणच्या गणपती कारखान्यांत हे लहान मुलालाही माहीत असतं. मूर्ती कधी हाताला किंवा सोंडेला धरून उचलत नाहीत. पाटाखाली हात घालून उचलतात. शाडूची माती असो की बेसाल्ट, नियम एकच.

२. दोरांमधला कोन. दोन दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं वजन येतं. ते जसजसे फाकतात तसा ताण वाढतो. दोघांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर पूर्ण वजन येतं! कपडे वाळत घालायची दोरी जास्त ताणून बांधली की थोड्या ओझ्यानेही खुंटी उपटते, ते याच कारणाने.

३. क्रेनच्या हाताची लांबी. ओझं क्रेनपासून ४ मीटरवर असताना जो पीळ पडतो, तो ८ मीटरवर दुप्पट होतो. आज प्रत्येक क्रेनसोबत किती अंतरावर किती वजन चालेल याचा तक्ता असतो, तो म्हणूनच.

४. झटका. ओझं अलगद टेकवलं तर दोरावर त्याच्या वजनाइतकाच भार येतो. तेच ओझं एकदम सोडलं, तर क्षणभर तो भार दुप्पट होतो. आणि दोर सैल असताना ओझं थोडं खाली येऊन अडकलं, तर त्याहूनही जास्त.

आमच्या धंद्यात एक नियम आहे : चालू प्रणालीत एकदम मोठा बदल टाकायचा नाही. छोटे बदल करायचे, आणि प्रत्येक बदलानंतर मागे फिरायची सोय ठेवायची. मोआईचं प्रत्येक पाऊल काही इंचांचं असतं. काही बिनसलं तर दोर सैल सोडा, पुतळा आपल्या बुडावर उभा राहतो. क्रेनला लटकलेल्या २५ टनांना ही सोय नसते. काही बिनसलं की ओझं जमिनीवर.

आज हे काम असतं तर?

१. आधी लेझरने किंवा शेकडो फोटोंवरून मूर्तीची त्रिमितीय प्रत बनवायची. फोटोंचं काम तर तुमच्या फोननेही होतं. त्यावरून घनफळ आणि गुरुत्वमध्य काढायचा.
२. ध्वनिलहरी पाठवून आतल्या चिरा शोधायच्या.
३. पोटाखाली, मानेखाली लाकडाचे आणि वाळूच्या पोत्यांचे टेकू द्यायचे, म्हणजे कुठलाच भाग अधांतरी राहणार नाही.
४. जॅकने काही सेंटिमीटर वर घ्यायचं आणि लगेच खाली ठोकळे सरकवायचे. पुन्हा तेच. पडलंच तर तेवढे दोन-चार सेंटिमीटरच पडेल.
५. रुळांवरून किनाऱ्यापर्यंत सरकवायचं आणि भरती-ओहोटी बघून तराफ्यावर घ्यायचं.

गंमत म्हणजे यात समुद्र हा सर्वात सोपा टप्पा आहे. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद तराफ्यावर २५ टन ठेवले तर तो फक्त ६०-६५ सेंटिमीटर जास्त बुडतो. कठीण असतो तो काठ, जिथे ओझं जमिनीवरून पाण्यावर जातं. मुंबईजवळ मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं. वेळ साधली तर तेच पाणी तराफा धक्क्याच्या बरोबरीला आणून देतं. फुकटची लिफ्ट!

घरी करून बघा

सामानाचं वजन करायचा हाताचा काटा घ्या. पुस्तकांनी भरलेलं खोकं दोरीने बांधून काट्याने ओढा आणि आकडा लिहा. मग खोक्याखाली गोल पेन्सिली ठेवून ओढा. मग ओल्या फरशीवर. किती फरक पडतो ते स्वतः बघा.

दुसरा प्रयोग : दोन लिटरची भरलेली चौकोनी बाटली घ्या, मानेला दोन दोऱ्या बांधा आणि दोघांनी आळीपाळीने ओढा. मित्राला फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. बाटली एका कोपऱ्यावर कशी वळते ते फ्रेमगणिक दिसेल. पुढच्या वेळी कोणी एलियनचं रील पाठवलं तर उत्तरादाखल हा व्हिडिओ पाठवा.

आणि जे हललंच नाही

घारापुरीच्या कारागिरांनी या प्रश्नाला आणखी एक उत्तर देऊन ठेवलंय. मुख्य लेण्यातली सदाशिवाची मूर्ती, जिला आपण त्रिमूर्ती म्हणतो, जवळपास २० फूट उंच आहे. सहाव्या शतकात ती डोंगरातच कोरली. दगड आणला नाही, माणसं दगडाकडे गेली. दोर नाही, घसरपट्टी नाही, पडायची भीती नाही. तिच्याही अंगावर काळाच्या आणि माणसांच्या खुणा आहेत, पण चौदाशे वर्षांनंतरही ती जिथे कोरली तिथेच आहे.

त्याच बेटावरचा हत्ती एका प्रयत्नात गेला. भायखळ्याला गेलात तर संग्रहालयाच्या आवारात थांबून त्याच्या अंगावरचे सांधे बघा. दगडाचा नेमका कुठला भाग कमकुवत होता, ते तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं.